परिविक्षा अधिकाऱ्यांचा गोपनीय अहवाल: नक्कल मिळाली नाही तरी उत्तर देता येतं

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुमचा धाकटा भाऊ आज वीस वर्षांचा. तीन वर्षांपूर्वीच्या मारहाणीच्या केसमध्ये प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४ खाली दोषी धरलं. वकिलांनी प्रोबेशन (परिविक्षा, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका) मागितलं, कोर्टाने परिविक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल मागवला, तो बंद पाकिटात आला आणि पुढच्या तारखेला एक वर्षाची शिक्षा झाली. निकालपत्रात अहवालाबद्दल एकच ओळ आहे: तो प्रतिकूल असल्याने आरोपीला कायद्याचा लाभ देणं उचित नाही. तुम्ही नकलेचा अर्ज केला, तो ‘गोपनीय’ असा शेरा पडून परत आला. आता तुम्ही विचारताय की अहवाल मिळवायचा कसा, माहितीच्या अधिकारात मिळेल का, आणि वडिलांचं म्हणणं असं की गावातलं नक्की कोण वाईट बोललं ते कळलं पाहिजे.

मी फौजदारी बाजूचं काम करतो, बहुतेक वेळा आरोपीकडून. या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की पूर्ण अहवालाची नक्कल हक्क म्हणून मिळत नाही. पण तुमची खरी अडचण नकलेची नाहीच. ज्या मजकुराच्या जोरावर भाऊ आत जाणार आहे, तो मजकूर त्याला कुणी सांगितला का आणि त्यावर बोलायची संधी दिली का, हा खरा प्रश्न आहे. कागद हातात न येताही ही संधी मागता येते, आणि अपिलात तीच मागायची असते. नकलेच्या मागे धावताना लोक ही मागणी करायचीच विसरतात.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. न्यायाधीशांना इथे विवेकाधिकार आहे, त्यामुळे एकाच प्रकारच्या अर्जावर दोन कोर्टांत दोन वेगळे आदेश होऊ शकतात. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीत, काय लिहिलंय यावर बरंच ठरेल. आणि भावाच्या जन्मतारखेवर तर सगळंच ठरू शकतं. तो भाग शेवटी घेतलाय, तो वाचल्याशिवाय थांबू नका.

आता कायदा. अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८चा. कलम ४ म्हणतं की ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यात कोर्ट दोषी माणसाला शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर (हमीपत्रावर) सोडू शकतं. (३२४ ऐवजी ३२६ लागलं असतं तर हा विषयच संपला असता, कारण त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.) कलम ६ एकवीस वर्षांखालच्यांसाठी आहे आणि ते जास्त कडक आहे, म्हणजे कोर्टावर कडक. अशा मुलाला कलम ३ (ताकीद देऊन सुटका) किंवा ४ खाली सोडणं योग्य नाही अशी खात्री झाल्याशिवाय कैदेची शिक्षा द्यायची नाही, दिली तर कारणं नोंदवायची, आणि त्याआधी परिविक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल मागवायचा. त्याच कलमात पुढे असंही आहे की अहवालाबरोबर आरोपीचं चारित्र्य, शारीरिक आणि मानसिक स्थिती याबद्दल उपलब्ध असलेली इतर माहितीसुद्धा कोर्टाने विचारात घ्यायची. हे ‘इतर माहिती’ लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

वय कुठल्या दिवशीचं धरायचं? सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच रामजी मिस्सर खटल्यात सांगितलं की कलम ६ साठी खालच्या कोर्टाने दोषी ठरवून हाताळण्याचा दिवस महत्त्वाचा, घटनेचा दिवस नव्हे. भाऊ त्या दिवशी एकवीसच्या आतच होता. अपील चालू असताना त्याने एकविशी ओलांडली तरी घाबरायचं कारण नाही.

मग येतं कलम ७. ते दोन वाक्यांचं आहे. पहिलं वाक्य: हा अहवाल गोपनीय समजायचा. नकला विभागाने याच वाक्यावर बोट ठेवलं, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच आहेत. एरवी निकालाने बाधित माणसाला कोर्टाच्या दप्तरातल्या कागदांची नक्कल पैसे भरून मिळते, पण या एका कागदासाठी विशेष कायद्यात वेगळी तरतूद आहे, ती मोडून नक्कल देणं लिपिकाच्या हातात नाही. दुसरं वाक्य म्हणजे त्याचं परंतुक, म्हणजे ‘परंतु’ म्हणून जोडलेली सूट: कोर्टाला योग्य वाटलं तर अहवालाचा सारांश आरोपीला सांगता येईल आणि अहवालातल्या बाबींसंबंधी पुरावा देण्याची संधीही देता येईल. तुमची सगळी लढाई या परंतुकावर आहे. सारांश म्हणजे कागद नाही आणि माहिती देणाऱ्याचं नावही नाही. ‘आरोपी कामधंदा करत नाही, संगत चांगली नाही, पूर्वी एक तक्रार झाली होती’ एवढं कळलं तरी उत्तर देता येतं.

परंतुकात ‘सांगता येईल’ आहे, ‘सांगावंच’ नाही, असं सरकारी वकील म्हणणार. बरोबर आहे. पण शिक्षेआधी आरोपीला ऐकण्याची तरतूद त्याच्या जोडीला ठेवून वाचा. मॅजिस्ट्रेटपुढच्या वॉरंट केसमध्ये ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४८(२) मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २७१(२) मध्ये आहे. सत्र खटल्यांतल्या तशाच तरतुदीबद्दल संता सिंग खटल्यात, १९७६ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षेवर ऐकणं म्हणजे वकिलाचे दोन शब्द ऐकून घेणं नव्हे. शिक्षेशी संबंधित माहिती आणि साहित्य पुढे ठेवायची खरी संधी दिली पाहिजे. जो आरोप माहीतच नाही, त्याला साहित्य कसलं देणार? माझ्या मते प्रतिकूल अहवाल हेच कैदेचं कारण असेल तिथे सारांश न सांगणं टिकवायला अवघड जातं. अहवाल कोर्टावर बंधनकारक नसतो, हाही मुद्दा याच जागी घ्या. ‘अहवाल प्रतिकूल, म्हणून शिक्षा’ यात कोर्टाने स्वतः कशाचा विचार केला ते दिसतच नाही, आणि कलम ६ तर कारणं मागतं.

इंटरनेटवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून लोक येतात आणि म्हणतात, तिकडे आरोपीला पूर्ण रिपोर्ट देतात. तिकडच्या फेडरल कोर्टांत खरंच शिक्षेच्या निदान ३५ दिवस आधी तो आरोपीला आणि वकिलाला द्यावा लागतो. पण तिथेही गोपनीयतेच्या बोलीवर मिळालेली माहिती वगळतात आणि तिचा सारांश देतात. १९७७ साली गार्डनर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला न दाखवलेल्या गोपनीय भागावर बेतलेली फाशी रद्द केली. आपल्या सत्र न्यायालयात याचा दाखला देऊन फार काही होणार नाही, पण गोपनीयता आणि संधी यांचा मेळ सगळीकडे असाच घालावा लागतो, एवढं समजायला तो बरा आहे.

आता करायचं काय.

सगळ्यात आधी मुदत. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस. निकालपत्राची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, अहवालाच्या नकलेसाठी घालवलेले होत नाहीत. शिक्षा तीन वर्षांच्या आत आहे आणि भाऊ जामिनावर होता, म्हणजे अपील करायचंय असं सांगितल्यावर त्याच कोर्टाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला असणार. जुन्या संहितेतलं कलम ३८९(३), नव्या संहितेतलं ४३०(३). ती स्थगिती किती तारखेपर्यंत आहे ते आदेशात पाहा. सत्र न्यायालयातून पुढची स्थगिती त्याआधी हवी.

इथेच माहितीच्या अधिकाराचं उत्तर येतं. तो अर्ज करू नका. कोर्टाच्या दप्तरातले कागद माहिती अधिकाराने नव्हे, तर उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे नक्कल मागूनच मिळवायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ठरवून दिलंय. परिविक्षा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, म्हणजे महिला व बाल विकास विभागाकडे, अर्ज टाकलात तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ खाली नकाराची उत्तरं तयारच असतात. त्यात विश्वासाने माहिती देणाऱ्याची ओळख उघड होण्याचं कारणही आहे. आणि माहिती अधिकाऱ्याला उत्तराला ३० दिवस, तुमच्या अपिलालाही ३० दिवस. नकाराची वाट बघत मुदत घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. नंतर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यात ‘माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट पाहत होतो’ हे कारण लंगडं पडतं.

दुसरं काम रोजनाम्याचं. दोषी ठरवल्यापासून शिक्षेपर्यंतच्या सगळ्या तारखांचा रोजनामा आणि शिक्षेवरच्या सुनावणीची नोंद यांच्या नकला काढा. त्यांना काही गोपनीयता नाही. अहवाल कुठल्या तारखेला दाखल झाला, त्याला निशाणी क्रमांक पडला का, पाकीट उघडल्याची नोंद आहे का, आणि मुख्य म्हणजे ‘अहवालातील मजकूर आरोपीस समजावून सांगितला’ अशा अर्थाचं काही आहे का, ते बघा. तसं लिहिलेलं असेल आणि खाली ‘काही सांगायचे नाही’ असंही असेल, तर तुमचा मुद्दा कमकुवत होतो. मग संधी दिलीच नाही असं म्हणण्यापेक्षा भावाला त्याचा अर्थ कळला नव्हता आणि वकिलांना तयारीला वेळ मिळाला नाही, इथून सुरुवात करावी लागते. काहीच नोंद नसेल तर बरंच आहे. तोंडी सांगितलं आणि लिहिलं नाही, असंही होतं. म्हणून आधीच्या वकिलांना विचारल्याशिवाय अपिलात ‘सांगितलंच नाही’ असं ठोकून लिहू नका. ते खोटं निघालं तर बाकीच्या चांगल्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो.

तिसरं, अपील मेमोत (अपिलाच्या मुख्य अर्जात) या मुद्द्याचं स्वतंत्र ग्राउंड आणि सोबत स्वतंत्र अर्ज. अर्जात ‘अहवालाची नक्कल द्यावी’ एवढीच मागणी असली की कलम ७ दाखवून तो एका ओळीत फेटाळला जातो. मागण्या उतरत्या क्रमाने लिहा: खालच्या कोर्टाचा अभिलेख मागवताना बंद पाकिटातला अहवालही त्यात येईल असं पाहावं, कलम ७च्या परंतुकाप्रमाणे त्याचा सारांश अपीलकर्त्याला सांगावा, त्यावर शपथपत्र आणि कागदपत्रं द्यायची परवानगी द्यावी, आणि गरज वाटल्यास नवा अहवाल मागवावा. नावं आणि माहितीचे स्रोत आम्हाला नकोत, हे अर्जात स्वतःहून लिहा. या एका वाक्याने सरकारी वकिलांच्या ‘से’मधली, म्हणजे लेखी उत्तरातली, निम्मी हवा जाते, असा माझा अनुभव आहे. काही न्यायाधीश सारांश आदेशात लिहून देतात, काही वकिलाला कोर्टातच अहवाल वाचू देतात आणि टिपण घेऊ देतात, काही दोन्ही नाकारून थेट नवा अहवाल मागवतात. तिन्हींतून काम होतं. प्रोबेशनचा आदेश अपिलातही करता येतो, परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ११ मध्ये तसं स्पष्ट आहे. प्रकरण परत खाली पाठवायलाच हवं असं नाही.

सारांश कळल्यावर काय फरक पडतो, त्याचं एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. कारखान्यात हेल्परचं काम करणारा मुलगा. अहवालाचा सारांश असा निघाला: राहत्या ठिकाणी चौकशी करता आरोपी व कुटुंबीय मिळून आले नाहीत, शेजाऱ्यांचं मत समाधानकारक नाही, स्थिर रोजगार दिसून येत नाही. वाचून वाटावं, मुलगा फरारी आणि उडाणटप्पू. प्रत्यक्षात दोषारोपपत्रावर जुन्या भाड्याच्या खोलीचा पत्ता होता, कुटुंबाने ती खोली कधीच सोडली होती, आणि ‘शेजारी’ म्हणजे घरमालकाचं घर. थकलेल्या भाड्यावरून त्यांचं वाजलं होतं. अधिकाऱ्याने खोटं काही लिहिलं नव्हतं; दिलेल्या पत्त्यावर जाऊन जे ऐकलं ते लिहिलं. आम्ही नव्या पत्त्याचं रेशनकार्ड, वीजबिल, कारखान्याच्या हजेरीचा उतारा आणि सध्याच्या घरमालकाचं शपथपत्र दिलं. कोर्टाने नवा अहवाल मागवला, तो अगदी वेगळा आला आणि मुलगा बाँडवर सुटला. पहिल्या वेळी नक्की कोण काय म्हणालं हे विचारायची वेळच आली नाही.

उलटही होतं. एका प्रकरणात घरचे छातीठोकपणे सांगत होते की मुलावर दुसरं काही नाही. सारांशात शेजारच्या तालुक्यातल्या पोलीस ठाण्यातली केस निघाली, आणि ती खरी होती. तिथे सारांश कळल्याचा फायदा एवढाच, की खोटं शपथपत्र जाता जाता राहिलं.

चौथं काम साहित्य गोळा करण्याचं, आणि त्यासाठी सारांशाची वाट बघायची गरज नाही. मघाशी म्हटलेली ‘इतर माहिती’ ती हीच. शाळा-कॉलेजचे दाखले, कामाच्या ठिकाणचं पत्र, उपचार चालू असतील तर त्याचे कागद, जामीनदार कोण राहणार त्याचं शपथपत्र, बाँडच्या काळात भाऊ कुठे आणि कुणाजवळ राहील ते. कोर्टाला शेवटी हेच बघायचं असतं की मुलाला बाहेर ठेवलं तर त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार. जखमी माणसाला भरपाई द्यायची तयारी असेल तर तीही लिहा. प्रोबेशनवर सोडताना कोर्ट कलम ५ खाली भरपाईचा आदेश करू शकतं. गावातली प्रशस्तिपत्रं मात्र जपून. सरपंच, पोलीस पाटील, मंडळाचे अध्यक्ष, सगळ्यांच्या पत्रांत ‘सदर इसम मनमिळाऊ व होतकरू’ हे वाक्य आणि ‘होतकरू’चं तेच चुकीचं ऱ्हस्व-दीर्घ आलं की कोर्टाला कळतं, सगळी एकाच टायपिंगवाल्याकडून आली आहेत. पोलीस पाटलांचं तर नकोच. चौकशीत त्यांनाच विचारलं गेलेलं असण्याची शक्यता दाट असते, आणि अहवालात एक व पत्रात दुसरं निघालं तर दोघंही गोत्यात.

आता वडिलांचा प्रश्न. नाव मिळणार नाही, आणि माझा सल्ला असा की शोधूही नये. ही गोपनीयता आहेच त्यासाठी. शेजारपाजारच्यांनी, कधी जखमीच्या घरच्यांनीही, अधिकाऱ्याशी मोकळं बोलावं, आणि बोलल्याबद्दल दुसऱ्या दिवशी बांधावर कुणी अडवू नये. वडील जर ‘तूच बोललास ना’ म्हणत कुणाच्या दारात गेले आणि त्याची तक्रार झाली, तर नव्या अहवालात ती येणार. तसंच अधिकाऱ्यांना जाऊन जाब विचारू नका. नवा अहवाल मागवला गेला तर ते घरी येतील तेव्हा सगळे घरी राहा, कागद दाखवा, आणि भांडण झालंच नाही असा आव आणू नका. दोष सिद्ध झालाय. मुलाला त्याची जाणीव आहे का हेही ते पाहतात.

भाऊ भरतीची तयारी करतोय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एवढंच: प्रोबेशनवर सुटलेल्याला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही असं कलम १२ म्हणतं, पण दोषसिद्धी पुसली जात नाही. बक्षी राम खटल्यात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने ते नोकरीच्याच संदर्भात स्पष्ट केलं. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मात विचारलं तर लपवायचं नाही.

आणि आता ती जन्मतारीख. तुम्ही लिहिलंय भाऊ वीस वर्षांचा, आणि घटना तीन वर्षांपूर्वीची. वजाबाकी केली तर घटनेच्या दिवशी तो सतरा-अठराच्या उंबरठ्यावर येतो. प्रोबेशनसाठी निकालाचा दिवस धरतात, पण बाल न्याय अधिनियम २०१५ साठी घटनेचा दिवस. त्या दिवशी अठरा पूर्ण नसतील तर हा खटला मॅजिस्ट्रेटपुढे चालायलाच नको होता, तो बाल न्याय मंडळापुढे जायला हवा होता. हा मुद्दा कलम ९ खाली कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर, अगदी निकाल अंतिम झाल्यावरही काढता येतो. तो सिद्ध झाला तर प्रकरण मंडळाकडे जातं आणि झालेली शिक्षा निष्प्रभ ठरते. मंडळापुढचे अहवालही गोपनीयच असतात, पण तिथल्या कलम ९९ मध्ये सारांश मुलाला किंवा पालकांना सांगून पुरावा द्यायची संधी देण्याची सोय आहे.

वयाच्या पुराव्यात आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, असा क्रम आहे. आधार कार्डावर विसंबू नका. पोलिसांनी अटक पंचनाम्यात वय ‘१९ वर्षे’ असं अंदाजाने लिहिलेलं असेल तर त्यानेही दबून जाऊ नका.

तेव्हा भावाची शाळेतली जन्मतारीख आणि एफआयआरमधली घटनेची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघा, आणि दोन्ही इथे लिहा. निकालपत्रातला शिक्षेवरचा परिच्छेदही नाव-गाव काढून जसाच्या तसा टाका. त्यावरून अपिलात कुठला मुद्दा पुढे घ्यायचा ते सांगता येईल. पण अपील दाखल करायचं काम त्यासाठी थांबवू नका.